तुटलेलं मोजणाऱ्या बाई

खोली बघायला गेलो तेव्हा बाईंनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि स्वतः एक पेन्सिल आणि पाठकोरा कागद घेऊन समोर बसल्या. मी माझी माहिती सांगू लागलो. मूळचा देपालपूरचा, वडील तिथे शाळेत मास्तर, विजय नगरात एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायला लागलोय, एकटाच आहे, वरण-भात येतो. बाई मान हलवत होत्या आणि मधूनमधून कागदावर एक उभी रेघ ओढत होत्या. मला वाटलं, भाडेकरूचे गुणदोष टिपून घेतायत. सात-आठ मिनिटांनी त्यांनी रेघा मोजल्या.

"तू एकतीस वेळा 'मतलब' म्हणालास," त्या म्हणाल्या. "त्यात एकदाही काही मतलब नव्हता. खोली घे, पण हे कमी कर."

खोली मी घेतली. मतलब कमी व्हायला वर्ष लागलं.

इंदूरच्या रामबागेतलं त्यांचं घर लहानसंच होतं. वर त्या एकट्या राहायच्या, खाली मी. वय पंचावन्नच्या पुढे, लग्न केलेलं नव्हतं, आजोबा होळकरांच्या दफ्तरात होते आणि त्याचा उल्लेख फक्त त्यांच्या वेळच्या कपाटाची किल्ली हरवली की व्हायचा. गल्लीत सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणत. त्या बी.एस्सी. होत्या आणि बावीस वर्षं एका कापड गिरणीच्या प्रयोगशाळेत नोकरी करून, गिरणी बंद पडल्यावर घरी बसल्या होत्या. ते दिवसच तसे होते. इकडे गिरण्यांना एकेक करून कुलपं लागत होती, आणि तिकडे विजय नगरात रोज एक नवीन काचेची इमारत उभी राहत होती. मी सकाळी टेम्पोत बसून एका इंदूरमधून दुसऱ्या इंदूरमध्ये शिकवायला जायचो.

गिरणीत बाईंचं काम काय होतं, हे समजल्याशिवाय बाई समजायच्या नाहीत. सूत कातायच्या मशीनवर टकळीसारख्या शेकडो चात्या फिरत असतात आणि त्यांच्यावरचा धागा अधूनमधून तुटतो. तुटला की कामगार धावत जाऊन तो सांधतो. बाईंनी तासभर त्या मशीनपुढे उभं राहायचं आणि तुटलेला प्रत्येक धागा कागदावर मांडायचा. किती वाजता तुटला, कुठल्या चातीवर तुटला, आणि शेवटच्या रकान्यात, का तुटला. कापूस वाईट, हवा कोरडी, मशीन झिजलेलं, की माणूस हलगर्जी. बावीस वर्षं त्यांनी हेच केलं आणि गिरणी सुटली तरी ती सवय सुटली नाही.

त्यामुळे बाईंपुढे 'सारखं' हा शब्द वापरायची सोय नव्हती. शेजारच्या काकू म्हणाल्या, "मुलगा सारखा खोकतो हो," की बाई विचारायच्या, "सारखा म्हणजे तासाला किती?" मी एकदा म्हटलं की लाईट सारखी जाते. दुसऱ्या दिवसापासून वरच्या दारामागे एक कागद लटकला. महिन्याने तो कागद घेऊन त्या वीज कार्यालयात गेल्या आणि तिथल्या इंजिनिअरला दाखवलं की लाईट वारा सुटल्यावरच जाते, ती पण पश्चिमेचा वारा. खांबावरचा एक सैल जोड त्याच दिवशी आवळला गेला. भाचीसाठी आलेल्या स्थळाच्या वेळी मुलाने तासाभरात किती वेळा घड्याळ पाहिलं, ते त्यांनी चहा झाल्यावर त्याच्याच आईला सांगितलं. लग्न झालं. मुलगा अजूनही सासुरवाडीला घड्याळ काढून येतो.

"आधी मोज, मग ओरड," असं त्या म्हणत. दुसरं एक वाक्य होतं, "तुटतं ते कुठेतरी तुटतं." हे त्या इतक्या गंभीरपणे म्हणत की हसायची हिंमत होत नसे.

कुसुमताईंचं नाव मला पहिल्यांदा भुट्टे, म्हणजे मक्याची कणसं, किसताना कळलं. पावसाळ्यात त्या मला दुधात शिजवलेला कीस खायला वर बोलवायच्या आणि किसायलाही मलाच बसवायच्या. त्या दिवशी म्हणाल्या, कुसुम याच्यात दूध जास्त घालायची, म्हणून तिचा कीस गिचका व्हायचा. कुसुम कोण, असं मी विचारलं. बाईंनी माझ्यापुढे आणखी एक भुट्टा सरकवला. मग सगळं सांगितलं.

कुसुमताई प्रयोगशाळेत त्यांच्या शेजारच्या टेबलावर होत्या. दोघींचा डबा एक, छत्री एक, साडीचं दुकानही एक. गिरणीच्या शेवटच्या वर्षात वरून सांगण्यात आलं की कताई खात्याचा अहवाल तयार करा, आणि धागे तुटण्याचं कारण म्हणून सगळीकडे 'माणूस' लिहा. म्हणजे खातं बंद करताना बोट कामगारांकडे दाखवता येईल. खरं तर मशीनं इतकी झिजली होती की त्यांच्यावर धागा टिकत होता तोच चमत्कार होता. बाईंनी सही करायला नकार दिला. मग तो कागद पुढच्या टेबलावर गेला आणि कुसुमताईंनी सही केली. त्यांचे यजमान आजारी होते, मुलीचं लग्न ठरत होतं. बाई हे सगळं स्वतःच सांगत होत्या, जणू कुसुमताईंच्या वतीने. पण त्या दिवसानंतर दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. पुढे गिरणी बंद झाली, कुसुमताईंचे यजमान गेले, आणि त्या मुलीकडे अमेरिकेला गेल्या.

एका संध्याकाळी बाई माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या. एरवी त्या खाली येत नसत, वरून हाक मारत.

"ऐकण्यापुरता कॉम्प्युटर मिळतो का?" त्यांनी विचारलं.

भाजी घेताना त्यांना कुसुमताईंची पुतणी भेटली होती. कुसुमताई तिकडच्या एका छोट्या इंटरनेट रेडिओवर दर शनिवारी अर्धा तास मराठी कार्यक्रम करतात, आपल्याकडे तेव्हा संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतात, एवढी खबर तिने दिली होती. बाईंना तो कार्यक्रम ऐकायचा होता. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

आमच्या क्लासने नुकतीच जुनी मशीनं काढून टाकली होती. त्यातलं एक मी उचलून आणलं. पंखा ट्रॅक्टरसारखा घरघरायचा, स्क्रीनचा एक कोपरा हिरवा पडला होता, पण आवाजाचं कार्ड होतं. टेलिफोनची तार मोडेमला जोडली, दोन डबडे स्पीकर लावले, आणि शनिवारी साडेसातला दोघं वर बसलो. मोडेमने आपलं नेहमीचं किंचाळणं संपवलं आणि खोलीत एका बाईचा आवाज आला.

"नमस्कार, मी कु—"

आणि तुटला. मग आला, पुन्हा तुटला. गाणं लागलं की सुरावर तुटे, बोलणं सुरू झालं की शब्दावर. मी कपाळाला हात लावला. बाईंनी शांतपणे पेन्सिल उचलली, घड्याळ मांडीवर ठेवलं आणि रेघा ओढायला लागल्या. वीसेक मिनिटं झाली असतील. कुसुमताई कुठल्याशा जुन्या नोकरीबद्दल बोलू लागल्या. गिरणी, सूत, दुपारचा डबा. बाईंची पेन्सिल थांबली.

"तिथे माझी एक मैत्रीण होती," स्पीकरमधून आवाज आला. "आणि एक कागद आला होता, त्याच्यावर मी..."

पुढे काही नाही. खोलीत फक्त कॉम्प्युटरचा पंखा. अकरा सेकंद. मग पुन्हा आवाज आला, "असो. आता एक गाणं ऐकू या."

कार्यक्रम संपला. मी म्हटलं, "बाई, आपण त्यांना ईमेल करू. काय म्हणाल्या ते विचारू."

"नको," त्या म्हणाल्या. "तिने एकदा सांगितलं. ऐकू आलं नाही, ही आपल्या यंत्राची चूक. आधी यंत्र नीट कर. ती पुन्हा बोलेल."

मी पहिल्या दिवशीच ठरवून टाकलं होतं की लाईनच स्लो आहे, त्याला काही इलाज नाही. बाईंना ते पटलं नाही. स्लो असेल तर सगळीकडे सारखंच स्लो असेल, मग मध्येच का तुटतं? त्या रेडिओवर बाकीच्या वेळी गाणी चालू असायची. रोज संध्याकाळी एक तास लावून त्यांनी तीन रकाने आखले. वेळ, किती सेकंद, कारण. कारणाचा रकाना रिकामा ठेवून त्या माझ्याकडे बघत.

आठवड्यात पहिलं कारण सापडलं. दर वेळी बरोबर दहा मिनिटं झाली की आवाज अडखळायला लागायचा. दहा मिनिटं कुणी हात लावला नाही की स्क्रीनवर रंगीत मासे पोहायला लागतात, अशी सोय मीच करून ठेवली होती, बाईंना आवडतील म्हणून. म्हातारं मशीन मासे पोहवण्यात दमायचं आणि गाणं विसरायचं. मासे काढून टाकले.

दुसरं कारण म्हणजे मी. मध्येच मी माउस हलवायचो, एखादी खिडकी उघडून बघायचो, आणि त्या प्रत्येक वेळी आवाज तुटायचा. बाईंनी तो कागद माझ्यापुढे धरला. सात ठिकाणी शेवटच्या रकान्यात लिहिलं होतं, 'माणूस'.

"बावीस वर्षांत हा शब्द मी फार कमी वेळा लिहिला," त्या म्हणाल्या. "पण आता नाइलाज आहे. हात मांडीवर ठेवून बस."

मग मी क्लासमधल्या एका सहकाऱ्याला विचारून कॉम्प्युटर उघडला. आवाजाचं कार्ड आणि मोडेम एकाच रांगेत उभे राहून एकमेकांना ढकलत होते, म्हणून एकाला दुसऱ्या खाचेत बसवलं. आणि शेवटी, जे खरं तर मी पहिल्या दिवशी करायला हवं होतं, ते केलं. आलेला आवाज लगेच न वाजवता आधी अर्धं मिनिट साठवायचा आणि मग वाजवायचा. म्हणजे तार थोडा वेळ अडली तरी साठ्यातून गाणं चालू राहतं. हे समजावून सांगायला मी कागद घेतला, पण बाईंना एका वाक्यात समजलं. गिरणीतही एका खात्याचं मशीन बंद पडलं तर पुढचं खातं रिकामं बसू नये म्हणून मध्ये माल साठवून ठेवत. "एवढं साधं होतं तर इतके दिवस काय करत होतास?" असं त्या म्हणाल्या आणि दोन दिवस मला कीस मिळाला नाही.

आता तासाला एकदाच तुटायचं, पण लाईन चांगली मिनिट-दीड मिनिट जायची आणि साठाही संपून जायचा. आणि वेळ ठरलेली. पावणेआठ. हे मला काही केल्या सुटेना. बाई मात्र एका संध्याकाळी पावणेआठला कागद बाजूला ठेवून गॅलरीत जाऊन उभ्या राहिल्या, आणि परत आल्या त्या चप्पल घालायलाच. कोपऱ्यावर गेंदालालची पिठाची चक्की होती. दिवसभराचं दळण आलं की पावणेआठला तो मोठी मोटर चालू करायचा. विजेची तार आणि आमची टेलिफोनची तार एकाच खांबावरून आली होती. मोटरने झटका दिला की मोडेम घाबरून लाईन सोडायचा.

आम्ही चक्कीवर गेलो. गेंदालाल पन्नाशीचा, भुवयांपर्यंत पीठ. बाईंना बघून तो उठून उभा राहिला. मला तेव्हाच पहिल्यांदा कळलं की चक्की टाकायच्या आधी तो त्याच गिरणीत, कताई खात्यात होता. बाईंनी कागद उलगडला आणि शनिवारपुरती मोटर आठनंतर चालू करता येईल का, असं विचारलं. का, तेही सांगितलं, पण कुसुमताईंचं नाव घेतलं नाही. गेंदालालने कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मैडमजी, आपने कभी हमारे नाम पे झूठ नहीं लिखा," तो म्हणाला. "आठ के बाद चला लेंगे."



त्या शनिवारी कार्यक्रम सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्वच्छ ऐकू आला. कुसुमताई तिळाच्या वड्यांबद्दल बोलल्या. पुढच्या शनिवारी नातवाच्या शाळेबद्दल. त्याच्या पुढच्या वेळी आम्ही साडेसातला बसलो तर भलतंच कुणीतरी इंग्रजीत बोलत होतं. तिकडे हिवाळ्यासाठी घड्याळं फिरवतात, कार्यक्रम तासाने पुढे सरकला होता, म्हणून गेंदालालला पुन्हा जाऊन वेळ सांगावी लागली. अख्ख्या देशाने मिळून घड्याळ चुकवायचं, याबद्दल बाईंनी अमेरिकेला जे सुनावलं ते मी इथे लिहीत नाही. चार शनिवार झाले, आवाज एकदाही तुटला नाही आणि कुसुमताई गिरणीबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत. बाईंचे कागद कोरे राहायला लागले, आणि कोरा कागद बघून त्या चिडचिड्या होऊ लागल्या.

मग त्यांनी स्वतःच मला ईमेल लिहायला बसवलं. मजकूर त्या सांगत होत्या, मी रोमन अक्षरांत मराठी टाइप करत होतो. मायना नाही, खुशाली नाही. अमुक शनिवारी, आमच्या घड्याळात सात बावन्नला, 'त्याच्यावर मी' या शब्दांनंतर अकरा सेकंद आवाज नव्हता. यंत्रातले दोष आता दुरुस्त केले आहेत. त्या अकरा सेकंदांत आपण काय बोललात ते कृपया कळवावे. खाली बाईंनी आपलं पूर्ण नाव आणि गिरणीतला जुना हुद्दा लिहायला लावला.

उत्तर आलं नाही. फोन आला. रविवारी सकाळी मी वर पोहे खात होतो. बाईंनी फोन उचलला, "हां, बोल" म्हणाल्या आणि त्यानंतर बराच वेळ नुसत्या ऐकत राहिल्या. मग माझ्याकडे वळून, हात फोनवर ठेवून त्या हळूच म्हणाल्या, "ती म्हणते, आवाज तुटलाच नव्हता. ती गप्प बसली होती. तिला पुढे बोलता आलं नाही."

मी पोह्यांची बशी खाली ठेवली. बाकीच्या सगळ्या वेळी आवाज शब्दाच्या मध्ये तुटायचा, अर्ध्या अक्षरावर. हा एकच खंड असा होता की जो शब्द पूर्ण झाल्यावर सुरू झाला आणि नवीन शब्दावर संपला. स्क्रीनवर तेव्हा लाईन थांबल्याचं चिन्हसुद्धा आलं नसणार, पण मी स्क्रीनकडे बघतच नव्हतो. बाईंच्या चेहऱ्यावरून कळत होतं की त्यांच्याही हे ध्यानात आलंय, आणि हे आपल्याला आधी दिसायला हवं होतं याचा त्यांना राग आलाय, स्वतःचाच.

फोनवर कुसुमताई माफी मागत असाव्यात. कारण बाई मध्येच म्हणाल्या, "माझी कशाला? माझं काय बिघडलं? त्या कागदात माझं नाव नव्हतं, कुसुम. ज्यांचं होतं त्यांना सांग."

मग पुन्हा ऐकत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "शनिवारी सांग. मी त्याला बोलावते."

त्या शनिवारी गेंदालाल हातपाय धुऊन, इस्त्रीचा सदरा घालून आला आणि खुर्चीच्या कडेवर बसला. कॉम्प्युटर तो पहिल्यांदाच इतक्या जवळून बघत होता. बाईंनी त्याला काय ऐकायचं आहे ते सांगितलं नव्हतं. नुसतं म्हणाल्या होत्या, कुसुम बहनजी बोलणार आहेत, तुझ्या कामाचं आहे. मी हात मांडीवर ठेवून बसलो.

एक गाणं झालं. मग कुसुमताई म्हणाल्या की आज त्या थोडं हिंदीत बोलणार आहेत, मराठी श्रोत्यांनी माफ करावं. इंदूरच्या एका गिरणीत त्या कामाला होत्या, आणि कताई खात्याच्या एका अहवालावर त्यांनी सही केली होती. त्यात लिहिलं होतं की धागे कामगारांमुळे तुटतात. "वो झूठ था," त्या म्हणाल्या. "मशीनें ख़राब थीं. मुझे मालूम था. मैंने डर के मारे दस्तख़त किए." आवाज थरथरत होता, पण थांबला नाही. खात्यातल्या जेवढ्या जणांची नावं आठवली तेवढी त्यांनी एकेक करून घेतली. पाचवं की सहावं नाव गेंदालालचं होतं.

त्याने मान खाली घातली. बाई त्याच्याकडे बघत नव्हत्या, समोरच्या भिंतीकडे बघत होत्या. यादी संपली, गाणं लागलं. थोड्या वेळाने गेंदालालने मला विचारलं, "ये सुनता कौन है, भिया?"

मी खरं ते सांगितलं. छोटं स्टेशन आहे, पन्नासेक लोक असतील, बहुतेक तिकडचेच. गिरणीवाले तर कुणीच नसतील.

"चलो," तो म्हणाला, "हमने तो सुन लिया."

आणि उठला. दळण पडलं होतं, लोक खोळंबले असतील. बाई त्याला सोडायला खाली गेल्या. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली, तरी वर येईनात. मी खिडकीतून पाहिलं. दोघं रस्त्याच्या मधोमध उभं राहून बोलत होते, एक स्कूटरवाला हॉर्न देऊन त्यांना वळसा घालून गेला. गेंदालाल हातवारे करून काहीतरी सांगत होता, बहुधा खात्यातल्या कुठल्यातरी जुन्या सुपरवायझरची नक्कल. बाई हसत होत्या. इतकं की त्यांना फाटकाला हात टेकावा लागला.